अष्टमीची भट्टी

सकाळी कारखान्यात शिरले तर भट्टी थंड. तांब्याच्या कढईखालची राखसुद्धा झाडून ठेवलेली! आणि थोड्याच वेळात जयपुरातल्याच झालान्याच्या सरकारी प्रयोगशाळेतला अधिकारी यायचा होता, उकळत्या रंगाचा नमुना स्वतःच्या हातानं घ्यायला. त्याच्या दाखल्याशिवाय परदेशातली बाई आमची ठशांची कापडं घेणार नव्हती. नमुना आज गेला नाही तर ऑर्डर दुसऱ्या देशातल्या कारखान्याला.

"हे काय?" मी ओरडलेच.

"दीदी, आज बासोड़ा है," आमची सगळ्यात जुनी रंगारीण म्हणाली. "चैत की अष्टमी. आपको बोला था."

शीतळामातेचा दिवस. चूल बंद, कालचं शिळं खायचं. बोलली होती खरी! मी बनी पार्कातल्या घरी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर उघडून चैत्रातली वद्य अष्टमी शोधली, ती महिनाभर लांब दिसली आणि निवांत झाले. इथला चैत आपल्या फाल्गुनातल्या पौर्णिमेनंतरच सुरू होतो, हे इतकी वर्षं जयपुरात काढून माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. कर्म माझं!

परदेशी बाईला फोन लावला, एक दिवस मागितला. "तुमच्याकडे रोजच सण असतो," म्हणाली आणि ठेवला. तळपायाची आग मस्तकात गेली.

अधिकारी आला. केरळातून नुकताच बदलून आलेला, पोरगेलासा. त्यालाही बासोडा ठाऊक नव्हता; मी सांगितला. बाहेरून चाकसूच्या शीतळामातेच्या जत्रेला निघालेल्या बायकांची गाणी ऐकू येत होती. रंगारीण आत गेली आणि काडेपेटी घेऊन आली. तिची नात नुकतीच गोवरातून उठली होती, मातेच्या कृपेनं असं ती सगळ्यांना सांगायची. आता तिनंच एक काडी बाहेर काढली.

"आप बोलो तो जला दूँ, दीदी. काम चला गया तो क्या करेंगे?"

माझ्या तोंडून हो निघेना, नाही निघेना.

अधिकाऱ्यानं तिच्या हातातून काडेपेटी घेऊन खिशात टाकली आणि मला परदेशी बाईला फोन लावायला सांगितलं. आपलं पद सांगून तो म्हणाला, आज इथे भट्ट्या पेटत नाहीत, नमुना उद्या घेऊ, प्रयोगशाळा तसं लेखी कळवेल. पलीकडून लगेच होकार.

मला हायसं वाटलं आणि संतापही आला. मी सांगितलं तर बहाणा, सरकारनं सांगितलं तर नियम!

मग रंगारणीनं आम्हा दोघांपुढे कालची ताक-बाजरीची थंड राबडी ठेवली. माझी वाटी ठेवताना हळूच म्हणाली, "'मत जला' तो आप भी बोल सकती थीं, दीदी."