मनगटाचा दावा
आंबेहळदीचा लेप गरम होऊ लागला की त्या वासात मला अजूनही तापीचं पाणी आणि पेट्रोल मिसळल्यासारखं वाटतं. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि बुऱ्हाणपुरात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. जिनिंगचा कापूस हवेत उडत होता. राजघाटावरून धुणं घेऊन मी आणि आई परतत होतो, आणि त्या पांढुरक्या उन्हातून एका कापूसवाल्या शेटजींची मोटार पाण्यावरून तरंगत यावी तशी आली. आईला नुसता धक्का लागला. ओल्या साड्या रस्ताभर पसरल्या आणि तिचं मनगट सुजलं. संध्याकाळी शेजारचे वकील ओसरीवर येऊन बसले. "वहिनी, दावा पक्का आहे. भरपाई मिळेल, हाताचा इलाज होईल. फक्त कोर्टात उभं राहून नाव सांगायचं, आपलं आणि यजमानांचं." वडिलांनी आशेनं आत पाहिलं. लग्नातल्या उखाण्यानंतर आईनं त्यांचं नाव कधी ओठांवर आणलं नव्हतं. दाराआडून ती म्हणाली, "मले आता काही दुखत नाही." दावा तिथंच राहिला आणि मनगट वाकडं बसलं. पुढं थंडीत ते ठणकायचं तेव्हा ती डोळे मिटून काही पुटपुटायची. मला वाटायचं, देवाचं नाव घेते. वडील गेल्यानंतरच्या हिवाळ्यात लेप लावताना मी कान तिच्या तोंडाजवळ नेला. नाव वडिलांचं होतं. आज माझ्या गुडघ्यावर लेप थापताना मीही तेच नाव हळूच घेऊन पाहिलं.