अण्णांचं पोट

म्हैसूरच्या डोंगरावरच्या चामुंडीला मी एकदा नवस बोलले होते. "आई, अण्णांचा फोटो पोटासकट भिंतीवर लागू दे, तुझ्या हजार पायऱ्यांना हळदीकुंकू लावीन." देवीकडे बायका मूल मागतात, मुलाला नोकरी मागतात. मी पोट मागितलं. तेही दुसऱ्याचं, आणि ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचं!

चामुंडीच्या पायऱ्यांवर आधीच्या बायकांचं कुंकू असतं, त्यावरच आपण आपलं बोट टेकवायचं. अण्णांचे किस्से आमच्या घरात असेच साठलेत. एकाने सांगितला की दुसरा त्यावर आपलं बोट टेकवतो. खालचा थर कुठला, हे फक्त अक्काआत्यांना ठाऊक.

अण्णा म्हणजे माझे आजेसासरे. साहेबाच्या राज्यात म्हैसूरला त्यांचं कापडाचं मोठं दुकान होतं. विलायती कापड विकायचं आणि छावणीला खाकी पुरवायची. पुढे ते चळवळीत पडले, निवडून आले, शेवटी बंदूक घेतली. अक्काआत्या त्यांची मुलगी, म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. वय त्र्याण्णव, कान अर्धे, जीभ पूर्ण!

* * *

छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाची विजार सहा महिन्यांत घट्ट झाली. तो दुकानात येऊन ओरडायला लागला, "तुझं कापड आटतं!"

अण्णांनी शांतपणे टेप काढली, साहेबाची कंबर मोजली आणि वहीतलं जुनं माप समोर धरलं.

"साहेब, कापड आहे तेवढंच आहे. साम्राज्य वाढलंय!"

हा किस्सा माझे सासरे सांगायचे तेव्हा घर दणाणून जायचं. अक्काआत्या मात्र हात झटकायच्या. "अय्यो, साकु! पुरे! अण्णा एवढंच म्हणाले, 'सैल करून देतो.' बाकीचं याचं पदरचं."

* * *

मग चळवळ आली. अण्णांनी दुकानासमोर विलायती कापडाची होळी केली. स्वतःचा माल, स्वतःची काडी. सगळा बाजार बघायला जमला होता.

चौथ्या दिवशी इन्स्पेक्टर दोन शिपाई घेऊन पकडायला आला. तो पायरी चढताच अण्णा सवयीने उठले. "या, या! बसा. काय दाखवू?" इन्स्पेक्टर खिशातून वॉरंट काढेपर्यंत गादीवर चार साड्या उलगडल्या होत्या. देशी हो, विलायती सगळ्या जळल्या होत्या!

इन्स्पेक्टरने काठाला हात लावून बघितला. मग शिपायांकडे बघितलं. मग म्हणाला, "ती जांभळी बांधून द्या."

साडी बांधून झाली. मग अण्णांना नेलं.

"आणि साडी चांगली निघाली," आत्या सांगतात. "त्याची बायको पुढे दर दिवाळीला आमच्याकडेच येत होती."

* * *

तुरुंगातून सुटल्यावर अण्णा नगरपालिकेत निवडून आले. पहिलं भाषण होतं गटारांवर. अर्धा तास बोलले. मधे कुणीतरी विचारलं, हे गटार टिकेल कशावरून? अण्णा भाषण विसरले आणि बोलून गेले, "बिनधास्त न्या! दोन पावसाळे रंग जाणार नाही!"

सभा हसली. पण ते गटार अजून आहे म्हणे. रंगाचं मी बघितलेलं नाही.

* * *

माल जळला होता, दुकान बसलं होतं. पुन्हा उभं राहायला म्हणून अण्णा म्हैसूरचं रेशीम घेऊन रंगूनला गेले. तिकडे लढाईत अडकले आणि स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फौजेत शिरले. आमच्या घरात अभिमानाने सांगतात, "अण्णांनी बंदूक घेतली!" घेतली हे खरं. चालवली नाही. व्यापारी बघून वरच्या साहेबाने त्यांना कोठारावर बसवलं होतं. अण्णांनी सगळ्या लढाईत एकही गोळी झाडली नाही, फक्त मोजून दिल्या.

आमच्या दुकानाची रीत अशी, की मापावर चार बोटं कापड जास्त सोडायचं. तीच त्यांनी तिकडे चालवली. जवानाने दहा गोळ्या मागितल्या की अकरा!

साहेब संतापला. "एक जास्त कशासाठी?"

अण्णा म्हणाले, "गिऱ्हाईक परत यायला पाहिजे साहेब."

या किश्श्यावर मात्र आत्यांनी कधी हात झटकला नाही.

* * *

तर गेल्या वर्षी आमच्या महिला मंडळाने ठरवलं, जयलक्ष्मीपुरमच्या आपल्या हॉलमध्ये अण्णांचा फोटो लावायचा. पडदा आत्यांनी ओढायचा. आत्यांना तेव्हापासून दुसरं काही सुचेना. मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा त्यांनी त्यासाठीच करून घेतलं. "तेवढं बघून जाते," म्हणायच्या.

मंडळाची सेक्रेटरी विद्या. पुण्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली, हूटगळ्ळीला राहते. हुशार, कामसू. एकदा हातात घेतलं की घड्याळाकडे बघत नाही.

मी तिला देवघराशेजारचा फोटो दिला. अण्णा फौजी वेशात, कडक, छाती पुढे. लग्न होऊन आले तेव्हापासून दर पुण्यतिथीला मी त्याला हार घातलाय, पंचामृत दाखवलंय.

दोन दिवसांनी विद्याचा फोन. आवाज पडलेला. "काकू, आमच्या शेजारी एक रिटायर्ड सुभेदार आहेत. त्यांना सहज दाखवला. ते म्हणतात, ही वर्दी इंग्रजांची आहे!"

मी हादरून आत्यांकडे गेले. आत्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हौदु, होय. दुकानाची जाहिरात होती ती. खाकी विकायची तर कुणीतरी घालून दाखवायला नको?"

चौतीस वर्षं! मी चौतीस वर्षं जाहिरातीला हार घालत होते.

"तुम्ही सांगितलं नाहीत कधी?"

"तू इतक्या भक्तीने करत होतीस. म्हटलं, करू दे."

* * *

दुसरा फोटो आत्यांच्या ट्रंकेत निघाला. कापडाच्या होळीच्याच दिवसाचा. मागे धूर, पुढे अण्णा, खादीचा सदरा, एक हात वर, दुसरा पोटावर. आणि पोट? अहाहा! नऊ महिने भरल्यासारखं!

विद्या म्हणाली, "काकू, फोटो उत्तम आहे. फक्त पोट जरा एडिट करून घेते. उपोषणं केलेला माणूस असा कसा चालेल? शाळेची मुलं येणार आहेत, हसतील."

आत्या समोरच बसल्या होत्या. कान अर्धे असले तरी हे बरोबर ऐकू आलं.

"पोटाला हात लावायचा नाही."

"आजी, थोडंसंच..."

"बेडा म्हणजे बेडा! नको! लावायचा तर पोटासकट लावा, नाहीतर लावू नका. मी येत नाही."

मी कितीतरी वेळा विचारलं, आत्या, एवढं काय आहे त्या पोटात? "त्या दिवशी सांगीन," एवढंच. कार्यक्रम दोनदा पुढे गेला. विद्या हटेना, आत्या हटेनात. मधे आत्या तापाने चार दिवस झोपून होत्या, तेव्हाही तोंडात तेच, "पोट ठेवलं का?" मला धास्तीच बसली. यांच्या डोळ्यांदेखत हे व्हायला हवं होतं. तेव्हा मी तो नवस बोलले. देवीवर माझा भरवसा आहे. विद्यावरही होता. ती एके दिवशी स्वतःच म्हणाली, "बरं काकू, आजींच्या मनासारखं करू."

* * *

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. आत्यांना नऊवारी नेसवून पहिल्या रांगेत बसवलं. मांडीवर कापडी पिशवी, ती काही सोडेनात. विद्याने सुरेख भाषण केलं. शेवटी आवाज चढवून म्हणाली, "आणि त्या दिवशी अण्णांच्या दुकानात विलायती कापडाचं एक सूतही उरलं नाही!"

टाळ्या! आत्यांनी दोरी ओढली. पडदा सरकला.

अण्णा एकदम सपाट! कॉलेजात जाणाऱ्या पोरासारखे!

मी विद्याकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

आत्या फोटोजवळ गेल्या. चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग वळून सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"माझा फ्रॉक कुठे गेला?"

मागच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं, वय झालं हो आजींचं.

आत्यांनी पिशवीत हात घातला आणि एक फ्रॉक काढला. सहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा. विलायती, निळ्या फुलांचा, घड्यांवर विरलेला.

"दिवाळीचा होता. शिंप्याने त्याच दिवशी शिवून दुकानात आणून दिला होता. सगळं आगीत जायला लागलं तेव्हा मी रस्त्यातच भोकाड पसरलं. अण्णा आत गेले. बाहेर आले ते असे." आत्यांनी फ्रॉकची गुंडाळी करून फोटोतल्या सपाट पोटावर धरली. "एक हात असा वर. एक हात असा. तासभर भाषण केलं."

मग विद्या उठली, आत्यांजवळ गेली आणि म्हणाली, "आजी, हात दुखेल तुमचा. द्या, मी धरते."

* * *

पोट तिसऱ्या दिवशी परत आलं. मी आषाढातल्या पहिल्याच शुक्रवारी नवस फेडला. गुडघे अजून बोलतात. विद्या बरोबर होती, कुंकवाचं ताट तिच्या हातात. तुम्ही चामुंडीला याल तेव्हा एका तरी पायरीला हळदीकुंकू लावा. आधीच्या बाईचं मात्र पुसू नका, त्यावरच लावा.