चाळीस वाव दोरी

"ऊठ त्या दोरीवरून!" कमलाकांत हातात कोयता घेऊन ओरडला.

"नाय उठणार, बाबा." त्याची सून हेमाली नव्या दोरीच्या वेटोळ्यावर मांडी घालून बसली होती.

"तुझ्या त्या काळ्या पडद्याला चाळीस वाव सांगितले, त्यानं त्रेचाळीस आणवले. मी सोता मोजलेत. जास्तीची दोरी काय वाळत घालू?"

"कापलीत आणि दर्यात कमी पडली, तर नांगर तळाला टेकेल काय?"

वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंतची लांबी. सातपाटीत दोरी अशीच मोजतात. पालघरचा दुकानदार मात्र मीटरनं देतो. हेमाली बोईसरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. तिथे गॅलनचे लिटर आणि पौंडांचे किलो करून कंटाळली, तेव्हा तिनं संगणकावर हिशेबाची छोटी स्क्रिप्ट लिहिली. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, खाली उत्तर हजर. लग्नानंतर तीच घरच्या लॅपटॉपवर आणली. सासूसाठी तिच्यात पायली घातली, सासऱ्यासाठी वाव. पुस्तकातले सहा फूट तिनं घेतले नाहीत. सासऱ्यालाच ओटीवर उभं करून, हात पसरायला लावून टेपनं मोजलं. आपलं माप मशीनमध्ये गेलं, हे कमलाकांतनं तेव्हा अख्ख्या बंदरात सांगितलं होतं.

"मशीन बिघडलंय," तो म्हणाला.

"मशीन तेच हाय. तुमी परत उभे राहा."

"मी काय वाढत्या वयाचा पोर हाय?"

"उभे राहा की, अवो," सुकट निवडता निवडता रखमाबाई नवऱ्याला म्हणाली. "टेप काय चावत नाय."

तो उभा राहिला. उजवा हात सरळ गेला. डावा कोपरात वाकडाच राहिला. गेल्या हंगामात बोटीवर पडल्यापासून "बरा हाय, बरा हाय" म्हणून त्यानं कोणा डॉक्टरला त्या हाताला हात लावू दिला नव्हता.

"ताणा, बाबा."

"ताणलाय."

माप पहिल्यापेक्षा सहा बोटं कमी भरलं. जन्मभर दोरी मोजलेल्या माणसाला आखडलेल्या हातानं वाव जास्त भरतात हे सांगावं लागत नाही. त्यानं कोयता खाली ठेवला.

"मला कधीचं ठाऊक हाय," रखमाबाई म्हणाली. "रोज सदरा कोण चढवतं?"

"मग बोलली का नाय?"

"बोलले असते तर ऐकलं असतं?"

कमलाकांत हसला. लॅपटॉपकडे बोट करून म्हणाला, "म्हंजे त्याच्यात मी अजून धडधाकट हाय."

"हाय. नवीन माप घालू?"

"नको. राहू दे."

हेमाली दोरीवरून उठली. कोपऱ्यात जाळं विणत बसलेल्या मुलाकडे, जितेशकडे तो वळला.

"दोरी अख्खी न्यायची. पावसाळ्याची मासेमारीची बंदी उठली की बोट तू काढायची. मी उद्या डॉक्टरकडं जातो, आणि हात सरळ होईतोवर बंदरावरच राहणार."