जंगल पाहायची हौस

निवृत्त झाल्यावर माणसं काशी-रामेश्वरला जातात. आमच्या ह्यांना जंगलं पाहायची होती. हिंगणघाटच्या कापड गिरणीत, मागांच्या खडखडाटात त्यांचा उभा जन्म गेला. कानांनी ऐकूही कमी यायला लागलं होतं. "जिथं मशीन नाई, तिथं चल वं," ते म्हणाले. मीही नुकतीच शाळेच्या नोकरीतून मोकळी झाले होते. मुलगा नागपुरात संसाराला लागलेला. म्हटलं, चला.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. पहिल्यांदा गेलो ते जवळच, बोर धरणाच्या रानात. सेलू, हिंगणी करत एसटीनं धरणापर्यंत पोचलो आणि पाण्याच्या कडेला चादर टाकून बसलो. सागाची पानं गळून गेलेली, सगळं रान करड्या रंगाचं. दिवसभरात चितळांचा एक कळप दिसला, दुसरं काही नाही. पण परतताना हे एसटीत हसत बसले होते. इतकं हसताना त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग नागझिरा झालं, नवेगाव झालं. सोबत वळकटी, स्टोव्ह आणि माझ्या गुडघ्यांचं तेल. आमच्या वयाचं कोणी तिथं नसायचंच. एका विश्रामगृहावर कॉलेजची पोरं आमच्याकडे पाहून आपसात काही बोलली आणि हसली. ह्यांना ते ऐकू गेलं नाही. मला गेलं.

ऐंशीचं दशक लागल्यावर ताडोब्याला गेलो. निघण्याआधीच्या काही महिन्यांत ह्यांचं थोडं इकडचं तिकडे व्हायला लागलं होतं. आंघोळ करून आले की पुन्हा आंघोळीला निघायचे. बाजारातून रिकाम्या हातानं परत यायचे. वयानं होतं, असं मी स्वतःला सांगत होते. जंगलात गेले की बरे होतील, असंही वाटत होतं.

विश्रामगृह तळ्याजवळच होतं. दुपारी जेवून आम्ही आडवे झालो. प्रवासाचा शीण होता, माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा बाजूची खाट रिकामी होती. व्हरांड्यात त्यांच्या चपला तशाच पडलेल्या.

त्या तळ्यात मगरी आहेत, हे आम्हाला आल्या आल्याच सांगितलेलं. मी अनवाणीच धावले. तिथल्या खानसाम्यानं चौकीदाराला हाक मारली. दोघं दोन दिशांना गेले, मी काठाकाठानं. गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं, मला धड चालता येईना. त्यांना हाक मारायची तर काय म्हणून मारायची? जन्मभर मी "अहो"च म्हणत आले होते. त्या रानात मी नुसतं "अहो, अहो" ओरडत राहिले.

शेवटी मलाच दिसले. पाण्यापासून हातभर अंतरावर मांडी घालून बसलेले. अंगातला सदरा काढून नीट घडी करून बाजूला ठेवलेला, पायांतून रक्त येत होतं. मी खांद्याला हात लावला. त्यांनी वर पाहिलं आणि घाईघाईनं सदरा छातीशी धरला, परक्या बाईसमोर धरावा तसा.

"बाई, भोंगा झाला काय?" ते म्हणाले. "मले पाळीवर जा लागते."

मी तिथंच खाली बसून रडायला लागले.

"तुमी रडून काऊन राह्यल्या? घरचं कोणी हरवलं काय?"

ते मला कधी तुम्ही म्हणाले नव्हते. लग्न झालं त्या दिवसापासून "तू" आणि "वं". त्या एका शब्दानं मला कळून चुकलं.

"नाई झाला भोंगा," मी म्हटलं. "टाइम हाय अजून. सदरा घाला, चला."

ते शहाण्या मुलासारखे उठले. माझा हात मात्र धरला नाही. दोन पावलं अंतर ठेवून मागे मागे आले. चौकीदार भेटला, त्यानं त्यांना खाली बसवून पायांतले काटे काढले. जाताना मला हळूच म्हणाला, "बाई, साहेबाले आता घरीच ठेवजा. जंगल काई आपलं नसते."

संध्याकाळी त्यांनी मला ओळखलं. "चहा ठेव वं," म्हणाले. दुपारचं काहीही त्यांना आठवत नव्हतं. मी चहा ठेवला.

त्यानंतर कुठं जाणं झालं नाही. घराच्या दाराला आतून वर कडी बसवून घेतली. मुलगा येऊन न्यायचं म्हणायचा, पण नवीन जागेत ते अजून बावरले असते. कधी ओळखायचे, कधी "बाई" म्हणायचे. पुढे पुढे "बाई"च राहिलं. मीही त्याला ओ द्यायला शिकले. जेवण भरवताना "तुमचे लई उपकार हाय" असं म्हणायचे, तेव्हा मला दुसऱ्या खोलीत जावं लागायचं. एका हिवाळ्यात ते गेले. शेवटपर्यंत मी कोण हे त्यांना उमगलं नाही.

वर्ष उलटल्यावर मुलानं हट्ट धरला. "आई, तुले जंगल आवडते ना? कान्ह्याले जाऊ." जंगलाची आवड कोणाची होती, हे त्याला कशाला सांगायचं? गेले. पहाटेच्या थंडीत उघड्या जीपमध्ये मुलगा, सून, नातवंडं, आणखी दोन म्हाताऱ्या बायका होत्या. वाटाड्यानं बोट केलं तशी सगळी उभी राहिली. बांबूच्या आड वाघ होता म्हणतात.

मी त्या बाजूला पाहिलंच नाही. माझं सगळं लक्ष गाडीतल्या माणसांवर. कोणी उतरत तर नाही ना, सगळी आहेत ना. मुलगा परत परत विचारत होता, "दिसला काय, आई?" मी "हो" म्हटलं, आणि नातवाचा स्वेटर मुठीत तसाच घट्ट धरून बसले.