मुरघासाच्या खड्ड्यातला बैल

सासरी येऊन मला दुसरंच वर्ष होतं. केम स्टेशनापासून कोसभर आमचं रान. त्या साली मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मुरघास घालायचं मनावर घेतलं. शेतकी खात्याच्या एका माणसानं सगळं समजावून दिलं होतं. विहिरीखालच्या पट्टीत ज्वारीच्या ओळी, मधे गिनी गवत. ज्वारीचा दाणा दुधात असताना दोन्ही एकदम कापायची, कोयत्यानं बारीक करायची आणि खड्ड्यात इतकी दाबायची की आत वारा राहू नये. उन्हाळ्यात उघडलं की ओला चारा. भरायला लागलात की मधे थांबू नका, हे त्यानं निघताना बजावून सांगितलं. मामंजींनी मान हलवली. ते कुणाचंही ऐकताना अशीच मान हलवत.

खड्डा विहिरीसारखा गोल, दोन पुरुष खोल. चारा तुडवायला आमचा म्हातारा पांढरा बैल आत उतरवला. माती काढायला ठेवलेल्या उतारावरून तो खाली गेला आणि मग भिंत सरळ हवी म्हणून तो उतारच छाटून टाकला. चारा वर येईल तसा बैलही वर येणार, असा बेत. मला तो बेत मुळीच आवडला नव्हता, पण सुनेला विचारतंय कोण? दिवसभर बैल आत गोल गोल फिरला. दिवस मावळला तेव्हा खड्डा निम्मासुद्धा भरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या.

"अवसेला बैल राबवायचा न्हाय," मामंजी म्हणाले. "ऱ्हाऊ दे तितंच. खायला पायाखाली हाय की."

त्यांच्या लेखी ती बैलाला दिलेली सुट्टी होती.

दुपारी कावळ्याचा घास ठेवून झाल्यावर मामंजी आणि मी बैलाचा नैवेद्य आणि पाण्याची घागर घेऊन रानात गेलो. बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत नव्हती. काठावर वाकले तर तोंडावर ऊन वाफ आली, काकवी आंबल्यासारखा वास. हिरव्या चाऱ्यावर टोळ पाय वर करून पडले होते. मधोमध बैल गुडघे टेकून बसलेला, डोळे उघडे, तोंड आमच्याकडे. रवंथ नाही की शेपटी नाही. वर वारा सुटला होता, ज्वारी सळसळत होती आणि खाली एक पान हलत नव्हतं. 

मामंजींनी शिडी सोडली.

माझ्या माहेरी, अक्कलकोटकडे, धान्य जमिनीतल्या पेवात ठेवत. पेव उघडलं की आधी दिवा सोडायचा. तो विझला तर आतली हवा जीव घेणारी, कुणी उतरायचं नाही. हे इकडेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण पेवाचं तोंड परातीएवढं आणि हा खड्डा आभाळाला उघडा, म्हणून पेवाची आठवण कुणाला झालीच नाही.

"मामंजी, थांबा."

तोवर मी त्यांच्याशी पदराआडून हो-नाही इतकंच बोललेली. खोपीतली चिमणी पेटवून दोरीनं खाली सोडली. बैलाच्या शिंगांशी पोचायच्या आत ज्योत आखडली आणि गेली.

"जित्ता असंल त्यो," म्हणत मामंजी भिंतीकडे तोंड करून शिडी उतरू लागले. मी त्यांचं मनगट धरलं. सासऱ्याला हात लावायचा नसतो, मी दोन्ही हातांनी धरलं.

"सोड."

"न्हाय सोडनार. बैल गेलाय, मामंजी. कवाच गेलाय."

 शेवटी ते वर आले. घोंगडं दोरीला बांधून आम्ही खड्ड्यात वर-खाली करत राहिलो, आतली हवा हलावी म्हणून. पुन्हा सोडलेली चिमणी तेवत राहायला दिवस कलला. मामंजी उतरले तेव्हा बैलाची मान चाऱ्यावर टेकली होती.

पुढे खड्डा भरला, मातीनं लिंपला. उन्हाळ्यात उघडला तर चारा पिवळसर, खमंग वासाचा. जनावरांनी गव्हाण चाटूनपुसून साफ केली. मुरघास उत्तम झाला होता, खोटं कशाला सांगू. मी मात्र त्या काठाला पुन्हा गेले नाही.

सुनेनं सासरा वाचवला, असं गावभर झालं. मामंजीही आल्यागेल्याला तेच सांगत. फक्त एकदा, ओसरीवर दुसरं कुणी नसताना, त्यांनी मला विचारलं, "मी शिडीवर व्हतो तवा तू वरनं बघत व्हतीस. त्याचा कान हलला व्हता का गं?"

"न्हाय, मामंजी."

दोनदा हलला होता.