न जळालेला कोळसा

देशात पुढच्या दहा वर्षांत किती वीज तयार होईल आणि तिच्यापायी किती कार्बन हवेत जाईल, याचा अंदाज बांधणं हे तिचं काम. बावीस वर्षं तेच. कचेरीत तिला सगळे ताळेबाई म्हणत, कारण दोनदा ताळा केल्याशिवाय ती कुठल्याच आकड्याला दारात उभं करत नसे. घरीही तीच तऱ्हा. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले तरी ती शेजारणीला विचारून खात्री करून घेई.

"माझ्याशी लग्न करताना ताळा करायचा राहिला वाटतं," नवरा म्हणे.

"केला होता," ती म्हणे, "तुझ्या बहिणीला विचारून."

यंदाच्या अहवालाला बसली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. नदीकाठचं जुनं वीजकेंद्र दुरुस्तीसाठी अकरा दिवस बंद होतं. वीज शून्य. कोळसा मात्र रोज जळलेला, आणि तोही रोज अगदी तितकाच, एका टनाचा फरक नाही. मग तो जातो कुठे? गाड्या भरून बाहेर जात असणार, दुसरं काय. केंद्रातून या नोंदी पाठवणारे काका महिनाअखेर निवृत्त होणार आहेत हे कळल्यावर तर तिची खात्रीच पटली. जाता जाता हात मारून घेतायत. तिनं चौकशीची शिफारस टाइप केली आणि 'जबाबदार व्यक्ती'पुढे काकांचं नाव घातलं.

साहेबांनी कागद वाचून चष्मा काढला. "चौकशी लागली तर बिचाऱ्याची निवृत्ती अडकेल. एकदा जाऊन तर बघा."

ती गेली, पण पुरावा आणायला.

काकांच्या खिशाला दोन पेनं होती, एक निळं, एक लाल. लाल कशाला लागतं, असं तिच्या लगेच मनात आलं. त्यांनी कपाटातून नोंदवही काढली, पण तिच्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवून वर स्वतःचा पंजा ठेवला. "काय बघायचंय ते सांगा. पान मी काढतो."

"बंद होतं ते अकरा दिवस."

पान निघालं. विजेच्या रकान्यात शून्यं. कोळशाच्या रकान्यात काहीच नाही, नुसती कोरी जागा.

"कोळशाचा आकडा कुठाय?"

"बॉयलर थंड पडलेला. वजनकाटाही बंद. लिहू काय?"

"शून्य लिहायचं."

"शून्य म्हणजे मोजलं आणि शून्य आलं. न मोजलेलं मी लिहीत नाही, बाई. पस्तीस वर्षांत लिहिलेलं नाही."

"आमच्याकडे तर रोजचा आकडा आहे."

"मी कोराच पाठवलाय. कुणी भरला ते तुमच्याकडे विचारा."

तिनं मनातल्या मनात कचेरीतल्या एकेकाला उभं केलं. नवीन मुलगी? संगणकवाला? आणि मग तिला आठवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी केंद्रांच्या नोंदी उशिरा येत, बेरीज अडून बसे, म्हणून तिनंच एक नियम घालून दिला होता. जिथे नोंद नाही, तिथे आदल्या दिवसाचा आकडा धरायचा. पुढे नोंदी वेळेवर येऊ लागल्या, नियम मात्र संगणकात तसाच राहिला. जगाचा ताळा केला, तेवढा त्या एका नियमाचा कधी केला नाही.

काका मागची पानं उलटत गेले. गेल्या साली दोन दिवस कोरे, त्याआधी तीन. दर बंदच्या वेळी इथे कोळसा पडून होता आणि तिच्याकडे जळत होता. दोन-तीन दिवसांचं बेरजेत दिसलं नव्हतं, इतकंच.

"म्हणजे आम्ही न जाळलेल्या कोळशाचा धूर इतकी वर्षं गेला कुठे?" काकांनी विचारलं.

"माझ्या अहवालात," ती म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं पिशवीतून शिफारस काढून त्यांच्यापुढे ठेवली. स्वतःचं नाव दिसताच काकांचं बोट तिथेच थांबलं.

"हे कधी लिहिलंत?"

"परवा."

"मला एका शब्दानं न विचारता?"

तिनं त्यांचं लाल पेन मागून घेतलं, त्यांचं नाव खोडलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं. काकांनी चष्मा चढवला, खोडलेलं नाव उजेडात धरून नीट तपासलं आणि कागद परत तिच्याकडे सरकवला.

"सही करा," ते म्हणाले. "आणि एक प्रत मला द्या."