कॉपी झाली का?

सकाळचे अकरा. श्रीगोंद्याकडचं आमचं गाव, शाळेत दहावीचा पेपर. शाळेला लागून असलेल्या घरातून भरारी पथकानं एक रेडिओ सेट जप्त केला.

वर्तमानपत्रात एवढंच छापून आलं. मी गावचा वार्ताहर; छापायचं राहिलेलंच माझ्याकडं जास्त साठतं, ते सांगतो.

*

घर अकरावीतल्या तन्वीचं, सेटही तिचाच. मामाच्या भंगारात पडलेला, सुट्टीभर खटपट करून तिनं जिवंत केलेला. दुसरा सेट तिचा वर्गमित्र अझहर याच्याकडं, ओढ्यापलीकडं. मोबाईलविना दोघांच्या गप्पा!

आजोबा वैतागले. "अगं, मोबाईल हाय की! ह्यो डबा कशाला?"

"मोबाईलवर ओळखीचेच बोलतात, आजोबा. ह्याच्यावर कुनीबी येतं!"

"मंग तर बंदच कर!"

*

तन्वीनं बांबूला तार बांधून गच्चीवर एरियल उभी केली. सरपंच हजर. "टॉवरला ग्रामपंचायतीचा ठराव लागतो."

"सरपंच, बांबू हाय ह्यो!"

"बांबू असंल. पन उभा टॉवरसारखा हाय!"

*

आता पेपरचा दिवस. रेडिओवाल्यांच्या भाषेत 'कॉपी' म्हणजे 'ऐकू आलं'. भरारी पथकाच्या भाषेत काय, ते सांगायला नको. पथकाचे साहेब नेमके खिडकीखाली उभे.

आतून तन्वी : "अझहर, कॉपी झाली का?"

सेटमधून अझहर : "झाली! एकदम क्लीअर कॉपी!"

साहेब चपलेसकट घरात! पंचनाम्यात सेटचं नाव पडलं, 'कॉपीचे साहित्य'. बातमीसाठी मी पथकामागंच होतो; पोरगी अकरावीत आहे, पेपर दहावीचा आहे, हे मी ओरडून सांगितलं. साहेब म्हणाले, "म्हणजे बाहेरून मदत!"

*

सेट पोलीस ठाण्यात गेला. तन्वीला घेऊन मीही गेलो.

"लायसन?" हवालदारांनी विचारलं.

"ह्या बँडला लागत नाही," मी म्हणालो. "सरकारनंच मोकळा ठेवलाय."

"मग लागत नाही, ह्याचं लायसन दाखवा!"

तन्वी रडवेली झाली. "काका, आतलं सोल्डरिंग कच्चं हाय. कुनी बटनं दाबली तर जळंल वो."

"कोण दाबतंय? कपाट सीलबंद हाय. किल्ली आमच्या फौजदार साहेबांच्या खिशात!"

*

रविवारी सकाळी आम्ही तिघं अझहरच्या घरी बसलो होतो. त्याचा सेट चालू होता. ह्या गावात सेट दोनच. एक समोर, दुसरा सीलबंद.

सेट खरखरला. भारदस्त आवाज आला.

"हॅलो, हॅलो. दोन कटिंग पाठव. एक बिनसाखरेचा. कॉपी झाली का?"

तन्वीनं बटण दाबलं. "झाली, काका. कोन बोलतंय?"

पलीकडचा सेट खटकन बंद झाला. सोमवारी मी ठाण्यात लेखी विचारलं, बिनसाखरेचा कोण घेतं? अजून उत्तर नाही.